मुक्काम आणि वस्ती

सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना 'बदली' या तीन अक्षरी शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. घरातले सामान किती खोक्यांत मावते, मुलांचे शाळेचे दाखले कोणत्या महिन्यात काढावे, नव्या गावच्या भाषेतले कोणते चार शब्द आधी शिकून घ्यावे, हे शहाणपण आपल्याला बदलीनेच दिले आहे. बंगळूरला बदली झाली तर आपण त्याला भाग्य म्हणतो. हवा चांगली, शाळा चांगल्या, मराठी माणसांचा शेजार आणि गणेशोत्सव यांचीही वाण नाही. पण तोच कागद यादगीर किंवा रायचूर जिल्ह्यातील एखाद्या आडगावाचे नाव घेऊन आला असता, तर आपल्यापैकी किती जणांनी तो हसतमुखाने स्वीकारला असता आणि किती जणांनी दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांची भेट मागितली असती, याचे उत्तर ज्याचे त्याने मनाशी द्यावे. दूरच्या खेड्यांत डॉक्टर आणि परिचारिका टिकत नाहीत ही तक्रार आपण वर्तमानपत्रांत वाचतो. ती वाचताना हा हिशेब मनात असलेला बरा. प्रश्न असा आहे : एखाद्या माणसाला, तो केवळ वैद्यकी शिकला आहे एवढ्यावरून, जेथे त्याला राहावयाचे नाही तेथे राहावयास लावण्याचा अधिकार समाजाला आहे काय? असल्यास तो कोणत्या आधारावर, आणि किती काळापुरता?

प्रश्न जुना आहे. जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला, त्या वेळी हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० नोंदलेले डॉक्टर होते आणि त्यांपैकी जवळजवळ ३०,००० हे पदवीधर नसून कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा केलेले 'लायसेन्शिएट' होते. हा दुसरा वर्ग बंद करावा आणि साऱ्या देशासाठी एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर तयार करावा, असे समितीच्या बहुमताने ठरविले. काही सदस्यांनी त्यावर भिन्न मत नोंदविले. या वादात दोन्ही बाजूंना न्यायाची चाड होती. खेड्यातल्या माणसाने शहरातल्या माणसापेक्षा कमी शिकलेला वैद्य का पत्करावा, हा एका बाजूचा प्रश्न. आणि उत्तम शिकलेला परंतु कधीच न येणारा वैद्य खेड्याच्या काय कामाचा, हा दुसऱ्या बाजूचा. निर्णय दर्जाच्या बाजूने झाला. पुढील काळात पदवीधरांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. म्हैसूर संस्थानाने बंगळूरपासून पन्नास किलोमीटरांच्या आत असलेल्या रामनगरला, म्हणजे तेव्हाच्या क्लोजपेटला, १९३० च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने ग्रामीण आरोग्याचे जे प्रयोगकेंद्र चालविले, त्या नमुन्याची हजारो आरोग्यकेंद्रे आता देशभर उभी आहेत. इमारती उभ्या राहिल्या; परंतु त्यांत माणूस राहीना.

माणूस राहत नाही असे दिसल्यावर शासनाने कायद्याचा हात धरला. कर्नाटकाने २०१२ मध्ये वैद्यकीय अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांसाठी एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेचा कायदा केला आणि २०१५ पासून तो अमलात आणला. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयांतून शिकणाऱ्यांकडून बंधपत्र घेण्याची प्रथा त्याहूनही जुनी. तेथे पदवीधराने वर्षाची सेवा टाळल्यास भरावयाचा दंड दहा लाख रुपयांपर्यंत गेला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरनिराळ्या राज्यांची अशी बंधपत्रे वैध ठरविली. पुढे २०२३ मध्ये कर्नाटकानेच कायद्यात दुरुस्ती करून, जितक्या जागा रिकाम्या असतील तितक्यांनाच ही सेवा लागू राहील, असे ठरविले. कारण उमेदवार अधिक आणि मंजूर जागा कमी, असा उलटा हिशेब पुढे आला होता. जागा मोजून माणसे नेमणे सोपे असते. गरज मोजून जागा निर्माण करणे कठीण असते, एवढे यावरून दिसते.

कायदा वैध ठरला म्हणजे तो न्याय्य ठरला असे नव्हे. सक्तीच्या समर्थनार्थ नेहमी दिला जाणारा आधार ऋणाचा आहे. समाजाच्या पैशाने तू शिकलास, आता समाजाची सेवा करून ते फेड. आपल्या परंपरेला हा विचार ओळखीचा आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला मनुष्यांचे चौथे ऋणही सांगितले आहे. मनुष्य जन्मतःच ऋणी आहे आणि फेडणे हाच त्याचा धर्म आहे, अशी ही कल्पना. परंतु ती बंधपत्राच्या कागदावर उतरली म्हणजे तिचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. २०२४ मध्ये कर्नाटकातील खाजगी अभिमत विद्यापीठांत शिकलेले काही विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. आम्ही सरकारी जागेवर शिकलो नाही, तेव्हा ही सक्ती आम्हांला का, असे त्यांचे म्हणणे. खाजगीत शिकलात म्हणून ग्रामीण भागात काम करण्यापासून सूट मिळते काय, असा उलट प्रश्न न्यायालयाने त्यांना केला. ऋण म्हणजे सरकारी तिजोरीतून झालेला खर्च, एवढाच अर्थ घेतला तर विद्यार्थ्यांचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. ज्याने पूर्ण शुल्क भरले त्याचे खाते चुकते झाले.

परंतु वैद्यकीचे शिक्षण शुल्काने विकत मिळते काय? जो विद्यार्थी शरीररचना शिकतो तो कोणाच्या तरी देहावर शिकतो, आणि तो देह बहुधा ज्याच्यामागे कोणी विचारणारा उरला नव्हता अशाचा असतो किंवा कोणी औदार्याने दिलेला असतो. १९०० मध्ये उघडलेल्या येथील व्हिक्टोरिया रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयाच्या खाटांवर पिढ्यान्‌पिढ्या जे रुग्ण पडून राहिले, त्यांनी आपली नाडी, आपले पोट, आपल्या वेदना शिकाऊ हातांच्या हवाली केल्या. दहा विद्यार्थ्यांनी एकामागून एक तपासून घेतले तरी त्यांनी नाही म्हटले नाही. कारण नाही म्हणण्याची ऐपत त्यांच्याजवळ नव्हती. खाजगी महाविद्यालयालाही शिकविण्यासाठी असेच रुग्ण लागतात. डॉक्टराचे खरे धनको हे आहेत. पैसा ज्याचा त्याने दिला असेल. ज्ञान मात्र गरिबाच्या देहाने दिले आहे.

हे मान्य केले की दंडाच्या रकमेतील असंगती उघड होते. सेवा नको असेल तर दहा लाख भरा आणि मोकळे व्हा, असे म्हणण्यात धनको बदलला जातो. रक्कम तिजोरीत जमा होते. भामरागडच्या किंवा देवदुर्गच्या बाईला, जिच्या नावावर हे कर्ज होते, त्यातले काहीच मिळत नाही. शिवाय ज्याच्या वडिलांकडे दहा लाख आहेत त्याला कर्तव्य पर्यायी होते आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला ते अटळ होते. कर्तव्यात श्रीमंतांसाठी चोरदरवाजा असला म्हणजे ते कर्तव्य न राहता गरिबांवरचा कर होतो. तेव्हा सक्ती करावयाचीच असेल तर तिला तीन अटी पाळाव्या लागतील. ती पैशाने टळणारी नसावी. तिची मुदत ठरलेली असावी. आणि सक्ती करणाऱ्याने आपली बाजू आधी पुरी करावी : औषध, पाणी, वीज, राहण्याजोगे घर, आणि अडचणीच्या वेळी सल्ला विचारता येईल असा अनुभवी वरिष्ठ. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीला कुलूप मोडलेल्या निवासात एकटी ठेवून, रक्तस्राव होत असलेली बाळंतीण तिच्यापुढे आणावयाची आणि तिला सेवेचे महत्त्व सांगावयाचे, यात सेवेची आणि त्या बाळंतिणीचीही विटंबना आहे.

या अटी पाळून केलेली एक वर्षाची सक्ती मला अन्याय्य वाटत नाही. आज रात्री अडलेल्या बाईला, समाजरचना सुधारेपर्यंत थांब, असे सांगता येत नाही. परंतु त्या सक्तीकडून काय मिळते आणि काय मिळत नाही याविषयी भ्रम नसावा. तिने मुक्काम मिळतो, वस्ती मिळत नाही. वर्षभरात तो तरुण डॉक्टर गावाची बोली शिकतो. कोणत्या पाड्याचा रस्ता जूनमध्ये बंद होतो, कोणत्या घरात दारू आहे, कोणती म्हातारी औषध घेते म्हणते आणि घेत नाही, हे त्याला कळू लागते; आणि नेमक्या त्याच वेळी तो सामान बांधतो. पुढच्या वर्षी दुसरा येतो आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात करतो. फायलीत जागा भरलेली दिसते आणि गावाला मात्र कायमचा डॉक्टर नाही. आपण नोकरीनिमित्त हिंडणारी माणसे हे चांगले जाणतो. तीन वर्षांच्या मुदतीत आपण एखादा विभाग चालवू शकतो, पण त्या गावाचे होऊ शकत नाही.

येथे कोणी म्हणेल की, राहणारेही आहेत. आहेतच. हेमलकशाला १९७३ पासून उभ्या राहिलेल्या कामात प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांचे आयुष्य गेले. मेळघाटातील बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे राहिले. बंगळूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९७३ मध्ये बाहेर पडलेले डॉ. एच. सुदर्शन बिळिगिरीरंगन टेकड्यांत सोलिग लोकांमध्ये गेले आणि १९८१ मध्ये त्यांनी तेथे विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र स्थापिले. या माणसांविषयी आदर न वाटेल तो करंटा. परंतु आपण या आदराचा जो उपयोग करतो तो तपासून पाहिला पाहिजे. अशी चार नावे घेतली की आपल्याला हायसे वाटते. जणू त्यांनी आपल्या सर्वांच्या वतीने ऋण फेडले. आणि दुसऱ्याच श्वासात, तालुक्याच्या गावी दोन वर्षे कशीबशी काढून निघून जाणाऱ्या सामान्य डॉक्टराला आपण त्यांच्या मापाने मोजतो. नीतिशास्त्रात प्रत्येकाकडून मागता येणारे कर्तव्य वेगळे आणि कोणाहीकडून मागता न येणारे, केवळ दिले तर कृतज्ञतेने घ्यावयाचे, असे दान वेगळे. संपूर्ण आयुष्य हे दान आहे. ते मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या व्यवस्थेला चालण्यासाठी प्रत्येक तालुक्यात एक संत लागतो, ती व्यवस्था चालणार नाही.

मग वस्ती कोण करील? या प्रश्नाचे एक उत्तर नगर जिल्ह्यातील जामखेडला सापडले. रजनीकांत आणि मेबेल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये तेथे गेले. खेड्यांत शिकलेल्या नर्स ठेवाव्या असा त्यांचाही प्रथम बेत होता. त्या नर्स खेड्यात रुळल्या नाहीत. बाहेरून आलेल्या एकट्या मुलीला तेथे ना सोबत होती ना सुरक्षितता. तेव्हा त्याच खेड्यातील बायका निवडण्यात आल्या. त्यांतल्या पुष्कळशा निरक्षर होत्या, पुष्कळशा दलित होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, आठवड्याचे अनुभव एकमेकींना सांगत, नवे काही शिकत आणि परत जात. १९८६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यावयास शिकविले. ३९ गावांतील त्या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इकडे बिळिगिरीच्या टेकड्यांतही आदिवासी मुलींनाच परिचारिकेचे शिक्षण देऊन आदिवासी भागातील उपकेंद्रांवर नेमण्याचा मार्ग पत्करण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये, आणि पुन्हा २०२१ मध्ये, याविषयी ज्या शिफारशी केल्या त्यांतही ग्रामीण भागातूनच आलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याला महत्त्वाचे स्थान आहे. जे तेथलेच आहे ते तेथे राहते, असा याचा मथितार्थ.

हे उत्तर व्यवहारात खरे आहे. परंतु नीतीच्या दृष्टीने पाहू गेले असता त्याच्या पोटात एक नवा प्रश्न दडलेला दिसतो. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने हजार वस्तीमागे एक 'आशा' नेमावयाचे ठरविले, तेव्हा ती त्याच गावची रहिवासी, आणि शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी असा नियम केला. कारण उघड आहे. अविवाहित मुलगी लग्न होऊन परगावी जाईल. सून मात्र जाणार नाही. थोडक्यात, खेड्यात कोण टिकेल याचा शोध घेता घेता शासन अखेरीस अशा व्यक्तीपाशी येऊन थांबले, की जिला जाण्याची मोकळीक समाजाने आधीच नाकारली होती. ती टिकली यात नवल ते काय! तिच्या टिकण्याला आपण निष्ठा म्हणतो. त्यात निष्ठा आहेही. रात्री-अपरात्री गरोदर बाईला घेऊन दवाखान्यात जाणारी, महामारीच्या काळात दारोदार फिरणारी आशा निष्ठेवाचून ते करती ना. परंतु तिच्या निष्ठेचा आपण जो मोबदला ठरविला तो मात्र तिला दुसरीकडे जाता येत नाही हे ओळखून ठरविला. जो जाऊ शकतो त्या डॉक्टराला राखण्यासाठी वेतनवाढ, निवास आणि पदव्युत्तर प्रवेशात सवलत देण्याची चर्चा होते. जी जाऊ शकत नाही तिला 'स्वयंसेविका' म्हणून मानधन आणि कामागणिक मोबदला.

देशात अशा सुमारे दहा लाख स्त्रिया आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा एकत्रित गौरव केला. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातील हजारो आशा बंगळूरच्या फ्रीडम पार्कमध्ये ऐन थंडीत दिवसरात्र बसून होत्या. दरमहा पंधरा हजार रुपये द्यावे एवढे त्यांचे मागणे होते. किमान दहा हजारांचे आश्वासन घेऊन त्या आपापल्या गावी परतल्या. हे फ्रीडम पार्क म्हणजे पूर्वीचा मध्यवर्ती तुरुंग. आपल्यापैकी अनेकांची कचेरीची वाट त्याच्याजवळून जाते आणि अशा दिवशी वाहतूक खोळंबली म्हणून आपण त्रासतो. त्या परतल्या हे मात्र आपण गृहीतच धरलेले असते. कोणत्याही डॉक्टराविषयी आपण असे गृहीत धरीत नाही.

तेव्हा प्रश्नाची मांडणीच बदलावी लागते. आरोग्यसेवकांना खेड्यात 'ठेवावे कसे' असे आपण विचारतो. ठेवण्याची भाषा वस्तूंची आहे. माणूस ठेवला जात नाही, तो राहतो. आणि राहणे या क्रियेला अर्थ येतो तो निघून जाणे शक्य असते तेव्हाच. म्हणून न्याय्य व्यवस्थेची कसोटी दुहेरी आहे. जो जाऊ शकतो त्याला राहणे शक्य झाले पाहिजे. आणि जी राहते तिला जाणे शक्य झाले पाहिजे. पहिल्यासाठी घर, शाळा, पती किंवा पत्नीला काम, सोबत आणि शिकत राहण्याची संधी हवी. दुसरीसाठी पुरते वेतन, कायम नोकरीची हमी आणि पुढे शिकून परिचारिका व्हावयाचे असेल तर तशी वाट हवी. दार उघडे केले तर त्या सगळ्या निघून जातील, अशी भीती काही जण घालतात. काही जातीलही. परंतु केवळ दार बंद आहे म्हणून चालणाऱ्या सेवेवर कोणत्याही समाजाने आपल्या लेकरांचे प्राण सोपवू नयेत; आणि जामखेडचा अनुभव असा आहे की, ज्या बाईला ज्ञान मिळाले, मान मिळाला आणि दर आठवड्याला आपल्यासारख्या इतरांची संगत मिळाली, ती त्याच गावात आपल्या कामाने मोठी झाली.

हे सारे कोणी करावयाचे? बहुतांशी आपण, म्हणजे ज्यांच्या टेबलावरून फायली जातात त्यांनी. शासनाच्या कारभारात एक जुनी रीत आहे : जो अधिकारी नकोसा झाला त्याला दूरच्या जिल्ह्यात पाठवावयाचे. महाराष्ट्रात गडचिरोलीकडे पुष्कळ वर्षे असेच पाहिले गेले. ज्या प्रदेशाला स्वतः शासनच शिक्षा समजते, त्या प्रदेशात तरुण डॉक्टराने सेवा म्हणून जावे, असे त्याच शासनाने कोणत्या तोंडाने सांगावे? आणि आपल्या घरातही तेच आहे. आपली मुलगी डॉक्टर झाली आणि तिला वर्षभरासाठी रायचूरकडचे आरोग्यकेंद्र मिळाले, तर ते बदलून घेण्यासाठी कोणाकोणाला भेटावे याची यादी आपण जेवायच्या पानावरच करू. त्या भीतीला मी नावे ठेवीत नाही; आईबापांची भीती खोटी नसते. मात्र त्या यादीऐवजी, तेथील निवासाला कडीकुलूप आहे की नाही, दुसरी नर्स नेमली आहे की नाही, रात्री गाडी मिळते की नाही, हे विचारणारे पत्र आपण लिहिले, तर त्याचा उपयोग आपल्या मुलीपुरता उरणार नाही. तिच्यानंतर येणारीला, आणि तिच्या आधीपासून त्या गावात असलेल्या आशेलाही, तो होईल. आपल्या हाती अधिकार थोडा असेल. तो आपले माणूस तेथून सोडवून आणण्यासाठी वापरावयाचा, की ती जागा कोणालाही राहण्याजोगी व्हावी म्हणून वापरावयाचा, एवढा निर्णय मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.